संगणकाची सदोष स्मृती आणि मजकुराची शुद्धता

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• रॅममधील दोष मराठी मजकुरात कसा उतरतो, हे स्पष्ट करता येईल.
• टंकलेखनातील चूक आणि यंत्रातील दोष यांत फरक करता येईल.
• सदोष रॅम शोधण्याची पद्धत क्रमाने सांगता येईल.

प्रास्ताविक
मुद्रितशोधनाचा विचार करताना मजकुरातील चूक माणसाच्या हातून होते, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. घरच्या संगणकावर स्वाध्याय किंवा प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हे गृहीतक नेहमी पुरत नाही. क्वचित लिहिणारा अक्षर बरोबर लिहितो आणि यंत्र ते बदलते. अशा वेळी शुद्धलेखनाच्या नियमांचा उपयोग नसतो; यंत्राचीच परीक्षा घ्यावी लागते.

विषय विवेचन

१. अक्षर, क्रमांक आणि दोष
संगणक अक्षर साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक २३५० व ‘य’चा २३५१ आहे. शून्य आणि एक यांच्या भाषेत या दोन क्रमांकांत केवळ शेवटच्या बिटचा फरक आहे. रॅममधील एखाद्या पेशीत कायम शून्यच राहत असेल आणि ‘य’चा शेवटचा बिट नेमका तेथे पडला, तर ‘य’चा ‘म’ होतो.

यवतमाळच्या एका विद्यार्थ्याने लिहिले, असे समजा : ‘२०१९ मध्ये यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले.’ येथे ‘मवतमाळ’ झाले, तर चूक लगेच डोळ्यांत भरते. परंतु ‘९’ आणि ‘८’ हे अंकही एकाच बिटने वेगळे आहेत. ‘२०१९’चे ‘२०१८’ झाले, तर वाक्य निर्दोष दिसते. विधान मात्र खोटे ठरते. ‘काळ बदलला’चे ‘काल बदलला’ होणे हाही त्यातलाच प्रकार. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली येथे मौन पाळते. असा मजकूर जतन केला की बिघडलेली प्रत हार्ड डिस्कवर जाते आणि मूळची चांगली प्रत पुसली जाते.

२. लक्षणे
अचानक निळा पडदा येणे, संगणक आपोआप पुन्हा सुरू होणे, चांगल्या फाइली न उघडणे, सुरू करताना बीप वाजत राहणे ही रॅममधील दोषाची नेहमीची लक्षणे होत. मात्र वीजपुरवठा करणारा एसएमपीएस, हार्ड डिस्क किंवा उष्णता यांमुळेही यांपैकी बरीच लक्षणे दिसतात. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. संगणक केवळ भर दुपारीच बंद पडत असेल, तर प्रथम पंख्यात साचलेली धूळ पाहावी.

एक साधी कसोटी उपयोगी पडते. फाइल जतन न करता बंद करावी, संगणक पुन्हा सुरू करून ती उघडावी. चूक त्याच जागी असेल, तर ती आधीच जतन झालेली आहे. मग ती हाताची की यंत्राची, हे या कसोटीवरून कळत नाही. चूक नाहीशी झाली किंवा जागा बदलत राहिली, तर रॅमवरील संशय बळावतो.

३. निदानाचा क्रम
(अ) लेखन थांबवावे. जुन्या प्रतींवर नवी प्रत जतन करू नये.
(आ) चाचणी घ्यावी. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ अंगभूत असते. ‘मेमटेस्ट८६’ पेनड्राइव्हवरून चालवता येते. चाचणी रॅममध्ये ठरावीक आकृतिबंध लिहिते व परत वाचून पडताळते. ती काही तास, अनेक फेऱ्यांत चालू द्यावी. एकही चूक क्षम्य नाही.
(इ) चूक आढळल्यास संगणक बंद करून वीजजोडणी काढावी, धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी आणि एका वेळी एकच पट्टी बसवून चाचणी घ्यावी.
(ई) चूक पट्टीबरोबर दुसऱ्या स्लॉटमध्ये गेली, तर पट्टी सदोष; पट्टी कोणतीही असो, चूक त्याच स्लॉटमध्ये राहिली, तर स्लॉट किंवा मदरबोर्ड संशयित.

अनेक लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते. तेथे तंत्रज्ञाची मदत घ्यावी.

४. क्षणिक दोष
प्रत्येक चूक सदोष रॅममुळेच होते असे नाही. २००३ मध्ये बेल्जियममधील एका निवडणुकीत यंत्राने एका उमेदवाराला ४,०९६ मते अधिक दाखवली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. एक बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. मिळू शकतील त्याहून मते अधिक दिसली, म्हणूनच चूक उघड झाली. आकडा संभाव्य वाटला असता, तर तो बहुधा तसाच राहिला असता.

समारोप
निदान म्हणजे तर्काने एकेक शक्यता बाजूला सारणे. नवी रॅम विकत घेण्यापूर्वी दोष सिद्ध करावा आणि तो दूर झाल्यावर त्या काळात लिहिलेल्या मजकुरातील सनावळी, आकडे व विशेषनामे मूळ टिपणांशी ताडून पाहावीत.

स्वाध्याय
१. ‘भ’चा क्रमांक २३४९ व ‘ब’चा २३४८ आहे. शेवटचा बिट शून्य झाल्यास ‘भात’ या शब्दाचे काय होईल? ही चूक ओळखणे कठीण का?
२. पट्टीतील दोष व स्लॉटमधील दोष यांतील फरक कसा ठरवाल?
३. आपल्या एखाद्या स्वाध्यायातील अशी पाच स्थाने नोंदवा, जेथे एक अक्षर किंवा अंक बदलल्यास अर्थ बदलेल, पण वाक्य शुद्धच राहील.