परसबागेची जागा कशी निवडावी? (उपक्रम : सावली मोजूया)



जूनमध्ये शाळा सुरू झाली, एक-दोन चांगले पाऊस पडले की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, घरी भाजी लावायचीय, बी कोणतं आणू?" मी उलट विचारते, "लावणार कुठे?" उत्तरही ठरलेलं असतं. "मागे, परसात. तिथे जागा मोकळीच आहे."

जागा मोकळी असणं वेगळं आणि भाजीसाठी चांगली असणं वेगळं. हे मला डी.एड.च्या पुस्तकातून कळलं नव्हतं. शाळेत फसले तेव्हा कळलं, म्हणून आधी तीच गोष्ट सांगते.

त्या वर्षी जूनमध्ये आम्ही शाळेच्या इमारतीमागे, उत्तरेच्या बाजूला वाफे केले. सपाट जागा, कुंपण होतं, पाण्याची टाकी जवळ, आणि ऊन तर दिवसभर. भेंडी आणि गवार झकास आली. मला वाटलं, जिंकलो. दिवाळीच्या सुट्टीआधी भेंडी काढून तिथेच टोमॅटो आणि वांग्याची रोपं लावली. सुट्टीनंतर येऊन बघतो तर रोपं उंच झालेली, पण काडीसारखी बारीक. डिसेंबरात थोडी फुलं आली, तीही गळून गेली. मी म्हटलं खत कमी पडलं असेल, शेणखत घातलं. मग म्हटलं कीड असेल, निंबोळी अर्क फवारला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना दर सोमवारी सांगायचे, "पुढच्या आठवड्यात टोमॅटो नक्की देते हं." पुढचा आठवडा काही आलाच नाही.

थंडीत आम्ही पहिला तास बाहेर मैदानात उन्हात घेतो. एकदा मैदानात रंगकाम चालू होतं म्हणून मी म्हटलं, चला, आज मागे बसू. तिसरीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "नको मॅडम, मागे ऊनच नसतं. लई गारठा असतो तिथं."

मी गप्प झाले. जिथे मुलांना बसवत नाही, तिथे मी टोमॅटो लावले होते.

ऊन गेलं कुठे?

मुलांनो, सूर्य पूर्वेला उगवतो हे आपण पाठ करतो. पण अगदी बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनच वेळा उगवतो, 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास. जूनमध्ये तो ईशान्येकडे सरकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये आग्नेयेकडे. दुपारचंही तसंच. पुण्याच्या आसपास मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो. म्हणून 21 जूनला भर दुपारी 10 फूट भिंतीची सावली पडते जेमतेम 10 इंच, तीही दक्षिणेकडे! भिंतीच्या उत्तरेला त्या दिवसांत सकाळ, दुपार, संध्याकाळ ऊनच ऊन. आणि आपण जागा निवडतो कधी? नेमकी जूनमध्ये.

आता 22 डिसेंबरला बघा. दुपारचा सूर्य दक्षिणेकडे इतका झुकलेला असतो की त्याच 10 फूट भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ 9 फूट जाते. शिवाय दिवसातली ही सर्वांत आखूड सावली. सकाळी आणि संध्याकाळी ती याहून लांब. आमच्या शाळेची भिंत स्लॅबपर्यंत 12 फूट, म्हणजे सावली पावणेअकरा फूट. आणि माझे वाफे होते भिंतीपासून 2 ते 8 फुटांत. दिवाळीपासून पुढे त्या बिचाऱ्या रोपांनी ऊन पाहिलंच नव्हतं. खत घालून काय होणार?

यातली खरी अडचण लक्षात घ्या. घरच्या बागेत पावसाळ्यात भाजी येतेच, पण मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, वांगी यांचा खरा हंगाम हिवाळ्याचा. म्हणजे आपल्याला सर्वांत जास्त भाजी जेव्हा मिळू शकते, तेव्हाच भिंतीची सावली सर्वांत लांब असते. म्हणून जागा जूनमध्ये निवडली तरी ती डिसेंबरच्या डोळ्यांनी निवडायची.

"मॅडम, पण जूनमध्ये डिसेंबरची सावली कशी मोजणार?" सोपं आहे. भिंतीची उंची मोजा आणि भिंतीच्या उत्तरेला तेवढेच फूट सोडा. भिंत 8 फूट असेल तर 8 फूट सोडून वाफा करा. कोल्हापूर-पुण्याकडे सावली उंचीपेक्षा थोडी कमीच पडते, नागपूरकडे साधारण उंचीएवढी. त्यामुळे हा हिशोब आपल्या राज्यात कुठेही चालतो. सोडलेली जागा वाया जात नाही बरं का, तिथे पायवाट, खताचा खड्डा, भांडी घासायची मोरी, काहीही करता येतं.

परसबाग परसातच हवी का?

परस म्हणजे घराची मागची बाजू. पण मागची बाजू कोणत्या दिशेला, हे घराचं दार ठरवतं. दार उत्तरेला असेल तर परस दक्षिणेला येतं आणि हिवाळ्यात तिथे भरपूर ऊन मिळतं. दार दक्षिणेला असेल तर परस उत्तरेला, म्हणजे आमच्या शाळेसारखी गत. आपल्याकडे पूर्वेला दार असलेली घरं पुष्कळ. त्यांचं परस पश्चिमेला. तिथे हिवाळ्यात दुपारनंतरचं ऊन मिळतं, पण मार्च ते मे त्याच उन्हात भिंतही तापते आणि कोवळी रोपं करपतात. अशा ठिकाणी उन्हाळ्यात जुनी साडी किंवा हिरवी जाळी बांधावी लागते. मला विचाराल तर वर्षभरासाठी एकच जागा निवडायची असेल तर पूर्व आणि दक्षिण मोकळी असलेली निवडा.

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांसारख्या फळभाज्यांना रोज किमान 6 तास ऊन लागतं. पालक, कोथिंबीर, पुदिना यांचं 3-4 तासांतही भागतं. अळूला तर थोडी सावली आणि ओल आवडतेच. त्यामुळे घरात कमी उन्हाचीच जागा असेल तर नाराज होऊ नका, पालेभाज्या लावा. दोडका, कारलं, घेवडा यांचा मांडव मात्र वाफ्याच्या उत्तर कडेला करा, नाहीतर मांडवच बाकीच्या भाजीवर सावली धरतो.

झाडाखालची जागा तर नकोच. बांधावरच्या मोठ्या झाडाजवळ ज्वारी कशी खुजी राहते, ते तुम्ही शेतात पाहिलंच असेल. तिथे सावली तर असतेच, मुळंही पाणी ओढून घेतात.

पाणी आणि माती

10 फूट लांब, 10 फूट रुंद वाफ्याला उन्हाळ्यात रोज साधारण 50 लिटर पाणी लागतं. म्हणजे 15 लिटरच्या तीन-चार बादल्या. नळ किंवा हापसा लांब असेल तर आठवडाभर उत्साह टिकतो, पुढे आई एकटीच बादल्या वाहते. न्हाणीचं पाणी केळी, कर्दळ, अळू यांना वळवा. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा यांवर साबणाचं पाणी घालू नका. संडासाच्या टाकीजवळ भाजी लावू नका.

मातीसाठी एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा. जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी साचलेलं दिसलं तर पावसाळ्यात मुळं कुजणार, तिथे गादीवाफे उंच करावे लागतील. पाणी बघता बघता गेलं तर खाली मुरूम आहे, शेणखत जास्त घालावं लागेल. माती अशी सुधारता येते. ऊन विकत आणता येत नाही.

एका मुलीच्या घरची गोष्ट

मागच्या वर्षी चौथीच्या मुलांना मी घराचा नकाशा काढून उन्हाच्या खुणा करायला सांगितल्या. एका मुलीचा नकाशा बघितला तर परस पूर्ण काळं. शेजाऱ्यांनी दक्षिणेला दोन मजली घर बांधलं होतं. तिची आई दोन वर्षं तिथे मिरची लावत होती आणि मिरची येत नव्हती. आई म्हणायची, माझ्या हाताला गुणच नाही. त्या मुलीने नकाशा आईला दाखवला आणि म्हणाली, "आई, हात नाही गं, भिंत आहे."

घरात ऊन होतं ते फक्त पुढच्या अंगणात, तुळशीजवळ. तिथे आजोबांची बाज असायची. आजी म्हणाली, अंगणात कुणी मिरच्या लावतं का? आजोबा म्हणाले, "मलाबी थंडीत ऊन लागतंय की." त्यांचंही खरंच होतं. दोन-तीन दिवस घरात यावर बोलणं चाललं. शेवटी पूर्वेच्या कुंपणाला लागून 3 फूट रुंद आणि 10 फूट लांब एवढी पट्टी ठरली, आणि बाज तिच्याशेजारीच राहिली. आता कोंबड्या वाफ्यात शिरल्या की आजोबा बसल्या जागेवरून काठी आपटतात. कुंपणाचा खर्च वाचला! जानेवारीत तिने डब्यात आणलेला मिरचीचा ठेचा आम्ही सगळ्यांनी चाखला. डोळ्यांत पाणी आलं, ठेचा तसाच होता.

आता तुम्ही करा

सुट्टीच्या दिवशी घराभोवतीच्या तीन जागा निवडा. प्रत्येक जागी मधोमध एक काठी रोवा. सकाळी 8, 10, दुपारी 12, 2 आणि 4 वाजता बघा. काठीच्या बुडाशी ऊन असेल तर वहीत बरोबरची खूण, सावली असेल तर फुली. एक खूण म्हणजे साधारण 2 तास ऊन. तीन किंवा जास्त खुणा मिळाल्या तर फळभाजी, दोन असतील तर पालेभाजी. मग दक्षिणेकडच्या भिंतीची उंची मोजा आणि डिसेंबरात ती जागा सावलीत जाईल का, ते लिहा. उंच भिंत कशी मोजायची? 1 मीटरची काठी उन्हात उभी करून तिची सावली मोजा, त्याच वेळी भिंतीची सावली मोजा आणि पट काढा. पाचवीच्या मुलांना हे जमायलाच हवं.

आजी-आजोबांना एक प्रश्न नक्की विचारा, थंडीत सकाळी तुम्ही कुठे बसता? उत्तर वहीत लिहा आणि सोमवारी वही घेऊन या. शाळेचे नवे वाफे यंदा मैदानाच्या कडेला करायचे आहेत, तिथल्या खुणा आपण वर्गात मिळून करू.