ओढ्याचे खोरे आणि प्रादेशिक योजना

नगरपालिकेची हद्द कोठे संपते आणि ग्रामपंचायतीची कोठे सुरू होते, हे नकाशावरून कळते; पावसाचे पाणी मात्र ही हद्द मानीत नाही. पुण्याचा आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावून दाट वस्तीतून मुठा नदीस मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्यास आलेल्या पुरात काठच्या वसाहतींत जीवितहानी झाली. अतिवृष्टी हे निमित्त खरे. पण कारणांचा विचार उगमापासून करावयास हवा.

गवत व झुडुपे असलेला उतार पावसाचा मारा सोसतो आणि पाणी मुरवितो. तेच आच्छादन काढून भूखंड पाडले की थेंबांच्या आघाताने मातीचे कण सुटतात, जमिनीची छिद्रे बुजतात आणि मुरणारे पाणी धावू लागते. वाहून आलेल्या गाळाने पात्र उथळ होते. वरच्या शिवाराचा रोग असा खालच्या नगरात प्रकट होतो. उलट दिशेनेही हेच घडते: पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमा नद्यांतून उजनी जलाशयाकडे जाते आणि त्याचा उपद्रव काठच्या गावांना सोसावा लागतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रादेशिक योजनेत जमिनीची धूप रोखणे, वनीकरण, नद्या व तलाव यांची सुधारणा या बाबी अंतर्भूत करता येतात. हा अधिनियम बहुधा बांधकाम परवानगीपुरताच आठवला जातो, ही खेदाची गोष्ट होय.

तथापि कागदावरील आरक्षण उतार राखीत नाही. त्यास गावाची संमती लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली, सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली. तेथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि पिके ग्रामसभेत ठरतात. ही शिस्त टिकली, कारण ज्यांनी त्याग केला त्यांच्याच विहिरींना पाणी आले.

नगरालगतच्या डोंगरउतारावर हे गणित जुळत नाही. जमीन राखायची गावकऱ्याने आणि पुरापासून संरक्षण मिळायचे खालच्या नगरवासीयांस! १९९७ मध्ये पुण्यात समाविष्ट झालेल्या गावांतील टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाबाबत मोबदल्याचा प्रश्न म्हणूनच दीर्घकाळ वादाचा राहिला. लाभ घेणाऱ्या नगराने खर्चाचा वाटा उचलल्याखेरीज तो सुटणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. त्यापूर्वीच ग्रामसभेने गावनकाशावर ओढ्यांचे उगम, गायरान व पाणी मुरण्याच्या जागा दाखवून ठेवाव्यात. शाळेत पर्जन्यमापक असेल तर विद्यार्थ्यांनी ठेवलेली पावसाची नोंदवहीही सूचनापत्रास जोडता येईल.