१५८४ वर पुणे

गच्चीवर अ‍ॅम्प्लिफायरवाली लूप अँटेना बसवली, तेव्हा तिला वीज द्यायला घरात पडलेला बारा व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लावला. मीडियम वेव्ह नुसती गुरगुरायला लागली. आतल्या स्विचिंगचा गोंगाट केबलमधून थेट रेडिओत. मग मोबाइलची पॉवर बँक आणि पाचाचे बारा व्होल्ट करणारी वायर घेतली. बॅटरी म्हटल्यावर शांत असेल, हा माझा भाबडेपणा. व्होल्टेज चढवणारं सर्किटही स्विचिंगवरच चालतं. गुरगुर तीच, फक्त सूर वेगळा.

शेवटी यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी आणली. माझा अ‍ॅम्प्लिफायर १५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे कागदावर ४५ तासांच्या आसपास. पहिल्या रात्री बॅंड इतका शांत, की रेडिओ बंद पडला की काय असं वाटलं.

त्याच कौतुकात एका रात्री खटका बंद करायला विसरलो. गच्चीवर ना दिवा, ना आवाज, कळणार कसं? तिसऱ्या दिवशी ऐकायला बसलो तर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर होतंच, शिवाय बरोबर दुप्पट, १५८४ वरही! मी कनेक्टरवर संशय घेतला आणि भर मे महिन्यात गच्चीवर जाऊन केबलचं टोक नव्यानं सोललं. मीटर लावायचं सुचलं ते संध्याकाळी: साडेनऊ व्होल्ट. व्होल्टेज उतरलं की अ‍ॅम्प्लिफायर लगेच गप्प होत नाही. जवळचं जोरदार स्टेशन त्याला झेपेनासं होतं आणि तेच भलत्या जागी उमटतं. बॅटरी चार्ज केली, पण शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट धरलं होतं. त्यानंतर ती तासभरही टिकेना.

तेव्हा शिसं-आम्लाची बॅटरी वापरणार असाल, तर अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवूनच व्होल्टेज मोजा. नुसत्या बॅटरीचा आकडा फसवतो. साडेअकरा व्होल्टला थांबा आणि त्याच दिवशी चार्जिंगला लावा. चार्जिंग चालू असताना ऐकू नका, नाहीतर चार्जरचा गोंगाट परत घरात. कायमचा डिजिटल व्होल्टमीटर लावायचा मोहही नको, ते आकडेही रेडिओत कुरकुरतात. दाबून पाहायचं बटण लावा.

फ्यूज मात्र टाळू नका. अर्ध्या अँपिअरचा, अगदी धन टोकाजवळ. केबलचं टोक शॉर्ट झालं तर ही इवलीशी बॅटरी वायर लाल करू शकते. उलट जोडणीसाठी एक शॉट्की डायोड पुरे. लिथियमचे सेल हवे असतील तर तीनच एकापुढे एक, संरक्षक सर्किटसह. चार पूर्ण भरले की १६.८ व्होल्ट होतात, आणि तेवढे सगळ्याच अ‍ॅम्प्लिफायरना सोसत नाहीत.

माझा खटका आता रेडिओच्या बटणाशेजारी आहे. दोन मिलिअँपिअर खाणारा एक लाल दिवाही लावलाय. बायको म्हणते, देवघरातला असा कधी आठवणीनं लावला नाहीस.