धावड्याला रुजू होशील तेव्हा

धावड्याचा भाग तुझ्याकडे आला हे कळलं. भोकरदन तालुक्याच्या टोकाचं गाव, वर अजिंठ्याचे डोंगर, पलीकडे लगेच बुलढाणा जिल्हा, शिवारात मिरची, कापूस, मका. मिरचीची तोडणी लागली की मोठी माणसं उजाडताच शेतात जातात आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन लेकरांच्या हाती राहतो. टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी म्हणून कितीतरी घरांनी उसनवारी करून तो घेतला. तू बाल संरक्षणाचं काम करायला आलीस म्हटल्यावर गावकरी पहिल्याच बैठकीत सांगतील, ताई, पोरींचे फोन तेवढे बंद करा. त्यांच्याशी भांडू नकोस माय, पण ते ऐकूही नकोस.

का, ते सांगते. मुलीचा खासगी फोटो कुणाच्या हाती लागलाय आणि तो धमकावतोय, हे घरी कळलं की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या: फोन हिसकावतात, शाळा सोडवतात, स्थळ बघतात. करणारा मोकळा फिरतो, आणि सांगणारीला शिक्षा होते. एका घरात असं झालं की वर्गातल्या बाकीच्या मुलींना ते दुसऱ्या दिवशी कळतं, आणि मग त्या गावातून वर्षानुवर्षं तुझ्याकडे कुणी येत नाही. गावात काही घडतच नाही, असं मग कागदावर दिसायला लागतं. म्हणून सांगितल्यामुळे लेकराचं काही हिरावलं जाणार नाही, एवढं तू सांभाळ. बाकीचं काम त्यामागून येतं.

मुली कार्यालयात येऊन सांगत नाहीत. अंगणवाडीच्या मागच्या ओट्यावर, शाळा सुटल्यावर, मैत्रिणीचं म्हणून सांगतात. मैत्रिणीचं म्हणूनच ऐकून घे. ‘तू पाठवलाच कशाला’ हा प्रश्न तुझ्या तोंडून कधी निघू देऊ नकोस, कपाळावर आठीसुद्धा नको. दहादा विचारू नकोस. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत वहीत लिही, तारीख-वेळ टाक, आणि थांब. तुझ्यामागून पोलीस विचारतील, बाल कल्याण समिती विचारेल, डॉक्टर विचारतील, न्यायालय विचारेल. ज्या ठिकाणी तिला पुन्हा सांगावं लागणार नाही असं एक ठिकाण तरी असावं, आणि ते तू असावंस.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नकोस. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. नव्या बायका इथेच अडकतात: मुलगी रडते, त्या शपथ घेतात, आणि मग शपथ मोडावी लागते. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांग, की हे मला काही माणसांना सांगावं लागेल, पण कुणाला आणि कधी सांगतेय ते आधी तुला कळेल. मुलं हे समजून घेतात, पाठीमागे केलेलं मात्र त्यांना सहन होत नाही.

आता फोटोचं. तो बघायला मागू नकोस, आणि स्वतःच्या फोनवर तर अजिबात घेऊ नकोस. ‘पुरावा म्हणून मला टाक’ असं एखादे गुरुजी किंवा सरपंच सद्भावनेनं म्हणतील, त्यांनाही अडव. लहान मुलांचं असं चित्रण नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये सविस्तर सांगितलं आहे. तुला लागतं ते वेगळंच: समोरच्याचं खातं, प्रोफाइलची लिंक, नंबर, मेसेज कधी आले, पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडी. हे वहीत उतरव. धमकीचे मेसेज तिच्याच फोनमध्ये राहू देत. पोरं घाबरून सगळं पुसून टाकतात, आणि घरचेही पुसा म्हणतात. ते आधी थांबव, मग ब्लॉक करायला सांग. पैसे एकदा दिले की मागणी वाढते, म्हणून एक रुपयाही नाही. आधीच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायला तासाभराचाही उशीर नको.

तपासासाठी पोलीस तो फोन जप्त करतील, आणि तो लवकर परत मिळेलच असं नाही. बापाचे बँकेचे ओटीपी त्याच फोनवर येतात, म्हणून कितीतरी घरं तक्रारीपासून मागे सरतात. हे आधीच बोलून घे. सिम काढून मिळेल का, ते तपास अधिकाऱ्यांना विचार, लागणारे नंबर कागदावर उतरवून दे, जप्तीच्या पंचनाम्याची प्रत माग. डिजिटल पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आणि त्यातली हॅश व्हॅल्यू हे शब्द तुलाही येऊ देत. कागद तिथे कच्चा राहिला तर पुढे खटल्यात तोच नडतो.

‘टेक इट डाउन’ नावाची सोय आहे, अमेरिकेच्या एका संस्थेनं २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली. अठरा वर्षांखाली असताना काढलेला फोटो मुलीच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त आकडी ठसा बनून जातो, आणि त्यात सहभागी असलेल्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. मुंबईच्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या ‘आरंभ इंडिया’ उपक्रमानं २०१६ मध्ये असं चित्रण नाव न सांगता कळवायची सोय सुरू केली. हे मुलीला शेजारी बसवून कर, बटण तिला दाबू दे. आपल्या हातात काहीतरी परत आलं, हे तिला तिथे पहिल्यांदा जाणवतं.

मुलग्यांना विसरू नकोस. अनोळखी ‘मुलीच्या’ व्हिडिओ कॉलला भुललेला सोळा वर्षांचा पोरगा कुणालाच सांगत नाही, बापाला तर नाहीच. त्याच्या बोलण्यात जिवाचं काही आलं तर सरळ विचार, की मरावंसं वाटतं का. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नकोस, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरात लिहून ठेव. धमकावणाराही कधीकधी त्याच वर्गातला निघतो. मग गाव त्याला मारायला उठतं. तोही लेकरूच आहे, त्याचा निवाडा बाल न्याय मंडळ करेल. पारावर होऊ देऊ नकोस.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकू येईल, जिल्ह्याच्या कडेला तर हमखास. गुन्हा कुठेही घडलेला असो, झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे नम्रपणे सांग आणि उठू नकोस. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घेतात. घेणारी शक्यतो महिला अधिकारी, उपनिरीक्षकाच्या खालची नको, आणि गणवेशात नको. हे पॉक्सोच्या कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे. छापून पिशवीत ठेव. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. कळवलं का, ते तू विचार, आणि तिच्यासाठी सहाय्यक व्यक्ती माग.

ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी ताई सचिव असतात. समिती तुझ्या कामाची आहे, पण मुलीचं नाव तिथे घेऊ नकोस. गाव लहान आहे, ‘आठवीतली, वरच्या आळीतली’ एवढंही ओळखायला पुरतं.

जालन्याला विशेष न्यायालयात तारीख लागेल तेव्हा आदल्या आठवड्यात तिला एकदा तिथे फिरवून आण: कुठे बसायचं, कोण काय विचारणार. आरोपी समोर दिसू नये अशी व्यवस्था करणं न्यायालयाचं काम आहे, त्यासाठी सरकारी वकिलांशी आधी बोलून ठेव. पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेत तिचं प्रकरण बसतं का, ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचार.

आणि खटला चालू असो वा संपलेला, शाळेत जाऊन तिची हजेरी बघत जा. सलग तीन-चार दिवस रिकामे दिसले तर त्याच संध्याकाळी तिच्या घरी जा. लग्नाची घाई चालू असेल तर ती थांबवणारे गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आताच्या नावानं ग्रामपंचायत अधिकारी. त्यांचा नंबर रुजू झाल्याच्या दिवशीच घेऊन ठेव.