यंत्रदुरुस्तीसाठीं अ‍ॅलन-गोटीची पारख

मळणीयंत्र, पेरणीयंत्र, पाण्याचा पंप, ट्रॅक्टर यांपैकीं एखादें तरी यंत्र आज बहुतेक बागाइतदारांच्या घरीं असतें, आणि त्याबरोबर पाने-पकडींची एक पेटीही असते. साध्या षट्कोनी डोक्याच्या बोल्टांस लागणारे पाने या पेटींत पुरेसे असतात. परंतु ज्या बोल्टाचा षट्कोन डोक्याच्या बाहेर नसून आंत कोरलेला असतो, त्याच्यासाठीं ठेवलेलें हत्यार बहुधा निकृष्ट असतें. अशा बोल्टास बाजारांत अ‍ॅलन बोल्ट म्हणतात. कोणी दुकानदार त्यास अनब्राको असेंही म्हणतात, पण तें एका कारखान्याच्या मालाचें नांव आहे. तो फिरविण्यास वांकडी अ‍ॅलन चावी चालते. जोर अधिक लागत असेल तेथें गोटी वापरतात. तिच्या एका तोंडास षट्कोनी कांडी असते व दुसऱ्या तोंडास रॅचेटच्या खुंटीसाठीं चौरस भोंक असतें. ही गोटी कशी निवडावी हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु खळ्यावर गहूं पडलेला, आभाळांत अवकाळी ढग जमलेले, आणि मळणीयंत्राच्या पुलीचा एक स्क्रू आंतून गोल झाल्यामुळें सारी माणसें हात बांधून बसलेलीं, असा प्रसंग ज्यांनीं पाहिला आहे त्यांस तो तसा वाटणार नाहीं.

षट्कोन डोक्याच्या आंत कां घेतला हें आधीं पाहिलें पाहिजे, कारण त्यांतच शेतकऱ्याच्या कामाची एक मोठी गोष्ट आहे. जुन्या कारखान्यांत एकाच लांब शाफ्टावर अनेक पुल्या बसवून पट्ट्यांनीं सर्व यंत्रें चालवीत असत. या पुल्या शाफ्टावर घट्ट राहाव्या म्हणून जे स्क्रू लावीत त्यांचीं चौकोनी डोकीं बाहेर आलेलीं असत. शाफ्ट फिरूं लागला कीं तें डोकें दिसेनासें होई, आणि कामकऱ्याची बाही त्यांत अडकून हात किंवा जीव जाई. अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरीं विल्यम अ‍ॅलन यांनीं डोकें मुळींच बाहेर येऊं न देणारा, आंत षट्कोनी खोबण असलेला स्क्रू तयार करण्याच्या रीतीचें पेटंट १९१० सालीं मिळविलें. त्यांच्या कारखान्यानें हा स्क्रू सुरक्षित स्क्रू म्हणूनच विकला. जर्मनींत १९३६ पासून बाउअर आणि शाउर्टे या कारखान्याचा असा बोल्ट इनबुस या नांवानें प्रसिद्ध झाला.

आपल्या मळणीयंत्राच्या पुलींत आणि बेअरिंगांच्या आंतल्या कड्यांत जे बिनडोक्याचे बारीक स्क्रू असतात ते याच जातीचे. आतां, निकृष्ट चावीनें अशा स्क्रूची खोबण गोल झाली कीं आपल्याकडे काय होतें? स्क्रू कसाबसा काढतात, आणि त्याच भोंकांत मिळेल तो डोक्याचा बोल्ट ठोकून काम पुढें चालू करतात. म्हणजे शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं जो धोका काढून टाकला तो आपण आपल्या हातानें पुन्हां खळ्यावर आणतों. पेंढ्या देणाऱ्या बाईचा पदर आणि पुरुषाचें उपरणें पुलीपासून वीतभरच अंतरावर असतें. सबब, चांगल्या गोटीचा प्रश्न केवळ पैशांचा नव्हे. अशा जागीं बाहेर आलेलें डोकें कोणत्याही सबबीवर चालवून घेऊं नये. गोल झालेला स्क्रू बदलून तसाच बिनडोक्याचा नवा घालावा. त्याची किंमत अगदीं अल्प असते.

खोबण गोल कां होते? गोटीची कांडी आणि बोल्टाची खोबण यांतील मोकळीक हें त्याचें मुख्य कारण. ६ मिलिमीटरची म्हटलेली खोबण प्रमाण बोल्टांत ६.०२ पासून ६.१४ मिलिमीटरपर्यंत असते, आणि चांगली कांडी ६.०० हून मोठी नसते व त्याहून अगदीं किंचितच कमी भरते. इतक्या मोकळिकींत सहा कोपऱ्यांवर जोर सारखा पडतो. कांडी ५.८० भरली, तर ती खोबणींत थोडी वळते, सपाट बाजूंऐवजीं केवळ कोपऱ्यांच्या रेषा टेकतात, आणि तेवढ्याच रेषेवर सारा जोर येऊन धातु चिरडतो. ज्यांनीं मोजणीची साखळी ओढतांना पाहिली आहे त्यांस हें सांगावयास नको: कड्या थोड्या ताणलेल्या असल्या तरी शेवटीं गुंठ्यांची तक्रार उभी राहते.

इंची आणि मिलिमीटरी मापांची मिसळ हें दुसरें कारण. इंग्रजी व अमेरिकन नमुन्यांवर बांधलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत इंची बोल्ट पुष्कळ असतात. पांच सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, ती कांडी ८ च्या खोबणींत बरी बसते. परंतु तीन सोळांश इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर, ती ५ च्या खोबणींत जाते खरी, पण जोर देतांच खोबण खाऊन टाकते. तसेंच पाव इंचाच्या, म्हणजे ६.३५ च्या खोबणींत ६ ची कांडी घालणाऱ्यानें नवा बोल्ट आणून ठेवूनच कामास लागावें. दोन्ही मापांच्या गोट्या एकाच डब्यांत ठेवूं नयेत. इंची गोट्यांस तांबड्या रंगाचा पट्टा मारला कीं घरांतील मुलगाही चूक करीत नाहीं.

याहून अधिक घोटाळा एका गोष्टीनें होतो. दुकानांत जाऊन "आठ नंबरच्या बोल्टाची गोटी द्या" असें म्हटल्यास दुकानदार काय देईल याचा नेम नाहीं. आठ हा आट्यांचा व्यास आहे, खोबणीचें माप नव्हे. ८ मिलिमीटर आट्यांचा बोल्ट उभ्या गोल डोक्याचा असेल तर त्यास ६ ची कांडी लागते. तोच खोलगट बसणाऱ्या निमुळत्या डोक्याचा किंवा घुमटाकार डोक्याचा असेल तर ५ ची. आणि बिनडोक्याचा असेल तर ४ ची. उभ्या डोक्याच्या बोल्टांचीं मापें पाठ करून ठेवण्यासारखीं आहेत: ५ मिलिमीटर आट्यांस ४, सहास ५, आठास ६, दहास ८, बारास १०, आणि सोळास १४. बिनडोक्याच्या स्क्रूंत सहास ३, आठास ४, दहास ५.

आतां पोलादाविषयीं. काळ्या अ‍ॅलन बोल्टाच्या डोक्यावर बहुधा १२.९ असा आंकडा असतो. हा उत्तम प्रतीचा, आणि कठीणपणांत रॉकवेल मापानें सुमारें ३९ ते ४४ पर्यंतचा. म्हणून त्यांत फिरणारी कांडी त्याहून बरीच कठीण पाहिजे, नाहीं तर बोल्टाऐवजीं कांडीच पिळवटेल. चांगल्या गोट्यांच्या कांड्या एस-टू नांवाच्या, धक्का सोसणाऱ्या हत्यारी पोलादाच्या असतात, व त्यांचा कठीणपणा साठीच्या आसपास असतो. गोटीचें शरीर मात्र क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचें असतें व तें किंचित मऊच बरें, कारण त्यास चिवटपणा पाहिजे. "सर्व क्रोम-व्हॅनेडियम" अशी अक्षरें खोक्यावर मोठ्या अभिमानानें छापलेलीं दिसतात. कांडी कशाची आहे हें विचारल्यावर दुकानदार बहुधा खोकेंच पुन्हां वाचून दाखवितो.

बहुतेक गोट्यांत शरीर वेगळें व कांडी वेगळी दाबून बसविलेली असते. ही बांधणी वाईट नव्हे. उलट, शेतकऱ्यास तीच सोयीची. कांडी मोडली तर ती पिटाळून काढून त्याच मापाच्या चांगल्या अ‍ॅलन चावीचा सरळ तुकडा कापून बसवितां येतो. मात्र कापतांना तो तापून निळा होऊं देऊं नये. पोलाद निळें झालें कीं त्याचें पाणी उतरलें असें समजावें. अखंड एका तुकड्याची गोटी मजबूत असते, पण मोडली कीं ती भंगारांतच जाते.

टोकास गोळा असलेल्या कांड्याही मिळतात. त्या तिरप्या धरून फिरवितां येतात, म्हणून अडचणीच्या जागीं सैल झालेला बोल्ट भरभर काढण्यास उपयोगी. परंतु गोळ्यामागें मान बारीक असल्यामुळें पहिला जोर किंवा शेवटचा कस त्यांनीं कधींही देऊं नये. एकच संच घ्यावयाचा असेल तर सरळ टोकाचाच घ्यावा.

चौरस भोंकाचें माप पाव इंच, तीन अष्टमांश इंच आणि अर्धा इंच असें असतें. येथें हिशेब ध्यानांत ठेवावा. एकाच पोलादाच्या दोन कांड्यांची पीळ सोसण्याची शक्ति जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असते; म्हणजे १० ची कांडी ५ च्या दुप्पट जाड असली तरी शक्तीनें आठपट. यास्तव ४ किंवा ५ च्या कांडीस अर्ध्या इंची लांब दांड्याचा रॅचेट लावणें म्हणजे वासरास मोटेस जुंपण्यासारखें आहे. सहापर्यंतच्या कांड्या तीन अष्टमांश इंची घ्याव्या व आठपासून पुढच्या अर्ध्या इंची. हवेच्या किंवा विजेच्या धक्का देणाऱ्या पान्यावर चकचकीत मुलाम्याची गोटी मुळींच लावूं नये. मुलाम्याचे कपचे उडून डोळ्यांत जातात. त्या कामाच्या गोट्या काळ्या व जाड भिंतीच्या असतात.

विकत घेतांना काय पाहावें? व्हर्नियर असल्यास बरोबर न्यावा व कांडी तिन्ही समोरासमोरच्या बाजूंत मोजावी. तिन्ही मापें सारखीं आलीं पाहिजेत. व्हर्नियर नसल्यास खिशांत एक नवा, चांगल्या प्रतीचा बोल्ट न्यावा आणि कांडी त्यांत घालून हलवून पाहावी. ती अडखळत जाऊं नये व आंत गेल्यावर खुळखुळूं नये. कांडीचे कोपरे तीक्ष्ण व टोक काटकोनांत कापलेलें असावें, कडेस अगदीं बारीक उतार असावा. उतार मोठा असेल तर तितका भाग फुकट जातो, आणि ८ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टाची खोबण अवघी ४ मिलिमीटर खोल असते हें विसरूं नये. गोटी सपाट फळीवर फिरवून कांडी मधोमध बसली आहे कीं तिरपी हें पाहावें. दुकानदार राजी असेल तर कांडीच्या मुळाशीं एका कोपऱ्यावर बारीक कानस ओढावी. कानस घसरून गेली तर पोलादाला पाणी आहे. कीस निघाला तर गोटी परत ठेवावी. शरीरावर माप ठसठशीत कोरलेलें असावें. केवळ छापलेलें अक्षर पहिल्या पावसाळ्यांत जातें.

चांगली गोटीही वाईट हातीं बोल्ट बिघडवते. खोबणींत भुसा, माती व वाळलेलें ग्रीस घट्ट बसलेलें असतें. तें टोच्यानें पूर्ण काढून मगच कांडी घालावी. कांडी तळाला टेकेपर्यंत हातोडीनें दोन हलके ठोके द्यावे. त्यानें ती नीट बसते आणि गंजही सुटतो. गंजलेल्या बोल्टास आदल्या रात्रीं गंजतेल सोडून ठेवावें. दांडा ओढतांना दुसऱ्या हातानें गोटीचें डोकें सरळ दाबून धरावें. वापरानें टोकाचे कोपरे गोल झाले तर गोटी टाकूं नये. चाकावर पाण्यांत वारंवार बुडवीत टोक दोन-तीन मिलिमीटर काटकोनांत घासून काढलें कीं आंतला न झिजलेला भाग पुढें येतो. आमच्या भागांतील एका गॅरेजांत अशी एक गोटी तीनदां घासलेली आहे व अजून काम देते.

सामान्य शेतकऱ्यास पंचवीस तुकड्यांचा संच घेण्याचें कारण नाहीं. ४, ५, ६, ८ व १० या पांच गोट्या उत्तम प्रतीच्या सुट्या घ्याव्या. पुलींच्या खोल भोंकांसाठीं ४ व ५ च्या लांब कांडीच्याही एकेक असाव्या. बेअरिंगांतील ३ मिलिमीटरच्या कामास चांगली वांकडी चावीच बरी, कारण इतक्या बारीक कांडीवर रॅचेटचा जोर किती पडतो हें हातास कळत नाहीं. १२ आणि १४ च्या गोट्या वर्षांतून क्वचित लागतात. त्या चार-पांच जणांनीं मिळून किंवा आपल्या संघानें ठेवल्यास पुरे. बेअरिंगाचे स्क्रू नव्यानें बसविल्यावर यंत्र तासभर चालवून, वीज किंवा पट्टा पूर्ण बंद करून, ते एकदां पुन्हां कसून पाहावे.