मतदाराचा हक्क : उमेदवाराची माहिती



निवडणूक आली की आपल्या नवागामच्या गल्ल्यांतून प्रचाराच्या रिक्षा फिरू लागतात. उमेदवार हात जोडून दारात येतात. आपण त्यांना पाणी, गटार, रस्ता यांबद्दल विचारतो. ते योग्यच आहे. पण "साहेब, तुमच्यावर काही खटले आहेत का?" हे विचारताना जीभ अडखळते. मुलीला स्थळ आले तर आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मग पाच वर्षांचा कारभार ज्याच्या हाती द्यायचा, त्याची चौकशी का नको?

या हक्काच्या लढ्याची सुरुवात गुजरातमधील प्राध्यापकांनीच केली. अहमदाबादच्या आय.आय.एम.मधील काही प्राध्यापकांनी १९९९ साली 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था काढून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे २००२ रोजी निकाल लागला : उमेदवाराने आपल्यावरील खटले, मालमत्ता, देणी व शिक्षण जाहीर केले पाहिजे. सरकारने कायदा बदलून ही सक्ती सैल केली. पण १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले.

दारात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उमेदवार टाळू शकतो. मात्र उमेदवारी अर्जासोबत 'नमुना २६' हे शपथपत्र त्याला द्यावेच लागते. त्यात पती-पत्नीची व अवलंबितांची मालमत्ताही येते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे शपथपत्र निवडणूक अधिकाऱ्याच्या सूचना फलकावर आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

एक गोष्ट लक्षात ठेवा : खटला चालू असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. म्हणून आरोप कोणता आणि शिक्षा झाली आहे का, हे दोन्ही वाचावे.

खानदेशातून आलेल्या आपल्या अनेक आई-वडिलांना गुजराती बोलता येते, पण वाचता येत नाही. तुम्ही मात्र शाळेत गुजराती शिकता. तेव्हा मत कोणाला द्यावे हे त्यांना सांगू नका. शपथपत्र तेवढे वाचून दाखवा. निर्णय त्यांचा.

स्वाध्याय : आपल्या भागातील कोणत्याही दोन उमेदवारांची शपथपत्रे पालकांसोबत वाचा आणि त्यांना विचारण्यासारखे तीन प्रश्न वहीत लिहा.