निद्रेचाही नेम असावा

वारकऱ्यांच्या घरची मुलेमुली आज शहरांत राहून कॉलेजात शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु परीक्षा जवळ आली की रात्र-रात्र जागायचे, चहावर चहा घ्यायचा आणि दिवसा वर्गात पेंगायचे, हा प्रकार फार वाढला आहे. वर आपण मोठी माणसे कौतुकाने सांगतो, "पोरगं लई कष्टाळू, दोन वाजेस्तोवर दिवा मालवत नाही!" हे कौतुक मुलांच्या जिवावर बेतणारे आहे, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, "महाराज, एकादशीला आपणही जागर करतोच की!" करतो, पण तो नेमल्या तिथीला. पंढरीतच पाहा. एरवी रात्री देवाची शेजारती होते, पहाटे काकडआरती होते. आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात, दर्शन रात्रंदिवस चालते. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा घालवतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. देवाच्या जागरालाही शेवट आहे. विद्यार्थ्याचा पलंग मात्र वर्षभर काढलेलाच! गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसाच अति जागणाऱ्यालाही साधत नाही. अभ्यासाचेही तेच आहे.

आता शास्त्राचा अनुभव पाहू. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स व डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरे पाठ करून घेतली. पाठ केल्यावर ते कधी झोपत, कधी जागे राहत. तितक्याच तासांनी विचारले असता झोपेनंतर त्यांना अधिक आठवले. शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतही करीत असतो. म्हणून झोप मोडून केलेले पाठांतर म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

तेव्हा विद्यार्थ्यांनी एवढे पाळावे. रात्री सात ते नऊ तास झोप घ्यावी. निजण्याची व उठण्याची वेळ रोज एकच असावी, रविवारीसुद्धा. चहा-कॉफीतील कॅफीन निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळनंतर ती घेऊ नये. निजण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवावा. त्याच्या उजेडाने झोप लांबते. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत असावी.

आणि आपणही थोडे सुधरू या. या वयात शरीराचे घड्याळच जरा उशिरा चालते, म्हणून मुलांना लगेच आळशी म्हणू नये. कार्तिकात काकड्याला चारला उठवायचे, तर आदल्या रात्री नऊलाच घरात निजानीज करावी. एक वाजता निजलेल्या पोराला ओढून उठवल्याने विठोबा प्रसन्न होतो, असे थोडेच आहे? आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर रागावू नका. जवळ बसवून विचारा, डॉक्टरांकडे न्या.

हरिपाठाचा जसा नेम, तसाच निजण्याचा नेम. तो घरातल्या मोठ्यांनी आधी पाळावा, म्हणजे मुले आपोआप पाळतील.

रामकृष्ण हरि!